सदर काडी अद्याप टोफूत आहे

प्रति,
मा. प्रभारी विभागप्रमुख,
लोकपरंपरा व स्मारके विभाग,
नगर कार्यालय, आसानुमा,
मियागी प्रांत.

अर्जदार: ओनोदेरा सेइइची, सहयोगी प्राध्यापक, सूक्ष्मयंत्र प्रयोगशाळा, आसानुमा.

विषय: सुई-समाधीपुढील टोफूमधून आमची काडी येत्या सोमवारी बाहेर काढण्यास दिलेली मंजुरी स्थगित ठेवणे, व त्यासाठी माझ्याच अर्जात त्रुटी काढणेबाबत.

संदर्भ: १) माझा दि. १० फेब्रुवारीचा अर्ज (तातडीचा)
२) माझा दि. १३ फेब्रुवारीचा अर्ज (अतितातडीचा)
३) आपले दि. २० फेब्रुवारीचे मंजुरीपत्र

महोदय,

आपले मंजुरीपत्र काल हाती आले. मागील दोन अर्जांत मी जे जे मागितले होते ते सर्व आपण एका फटक्यात दिले आहे, त्याबद्दल आभार मानणे माझे कर्तव्य आहे आणि ते मी येथे मानतो. तथापि ते मला आता नको आहे. आपले पूर्वाधिकारी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेल्याने आपण या सोमवारीच कार्यभार घेतला असे समजते. त्यामुळे प्रकरण मुळापासून मांडणे भाग आहे.

१. आमच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनच्या गिरकीचा अभ्यास चालतो. तारेतून वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन वाहतात, हे आपणांस ज्ञात आहेच. प्रत्येक इलेक्ट्रॉन वाहता वाहता स्वतःभोवती गिरकीही घेतो असे तूर्त समजावे. (ते अगदी तसे नाही. परंतु त्यावर आम्हा प्राध्यापकांचेच एकमत नाही, तेव्हा नगर कार्यालयास त्यात ओढण्यात अर्थ नाही.) साध्या तारेत निम्मे एका अंगाने फिरतात, निम्मे उलट, आणि गोळाबेरीज शून्य होते. तेच इलेक्ट्रॉन चुंबकातून गाळून आणले तर बहुतेक एकाच अंगाने फिरू लागतात, आणि विजेसोबत गिरकीचाही प्रवाह वाहतो. हा प्रवाह साध्या मीटरवर दिसत नाही.

२. तो ओळखता यावा म्हणून आम्ही काडी करतो. मसुरीच्या डाळीएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, दोन टोकांना धरलेली आणि मध्ये अधांतरी, अशी ही काडी असते. तिची जाडी केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. अर्धी काडी चुंबकी धातूची, अर्धी सोन्याची. चुंबकाकडून सोन्याकडे जाताना इलेक्ट्रॉन आपली गिरकी बदलतात, आणि त्या बदलाचा झटका काडीला बसून ती किंचित पिळली जाते. ओले फडके पिळताना मनगटाला जो उलटा पीळ जाणवतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. पीळ इतका अल्प असतो की तो एरवी कळलाच नसता. म्हणून प्रत्येक काडीचा जो स्वतःचा सूर असतो त्या सुरात तिला पीळ देत राहावे लागते, म्हणजे ती थरथरू लागते, आणि आम्ही कान देऊन बसतो. हे कान म्हणजे एक यंत्र आहे, पण बसावे आम्हालाच लागते.

३. काड्या मोडतात. काही करतानाच मोडतात, काही नुसत्या रुसतात. मोडक्या सुया कचऱ्यात टाकू नयेत, वर्षभर कठीण कापड टोचून त्या दमलेल्या असतात, त्यांना आठ फेब्रुवारीस मंदिराच्या आवारातील सुई-समाधीपुढे, पेटीतल्या मऊ टोफूत खोचून निरोप द्यावा, हा आपल्या नगराचा रिवाज आपल्या विभागाच्याच देखरेखीखाली आहे. आमच्या काड्या आम्ही तेथे प्रथम नेल्या त्या वर्षी शिवणकाम मंडळाच्या अध्यक्षा कन्नो ताए-सान यांनी तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. त्या मला लहानपणापासून ओळखतात, म्हणून त्यांची भाषा जशीच्या तशी देतो. "अरे सेइइची, ही तर डाळ आहे. सुई कुठंय?" मी म्हणालो, तिच्यावर आहे, दिसत नाही एवढेच. त्या म्हणाल्या, "न दिसणारी सुई सून म्हणून आली असती तर बरं झालं असतं. टोचते तरी का?" टोचत नाही, नुसती थरथरते, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर ताए-सान यांनी तुकडा माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाल्या, "थरथरत का होईना, राबली ना? मग खोच." तेव्हापासून आमच्या काड्या आपल्या नोंदीप्रमाणे सुयांत मोडतात.

४. चूक येथे झाली. चौथ्या वर्षाची, म्हणजे मुदतवाढीवर असलेली संशोधक विद्यार्थिनी ओइकावा चिहारु हिने या हिवाळ्यात केलेल्या काड्यांपैकी एक, जिला यापुढे सदर काडी म्हटले आहे, जानेवारीभर मुकी राहिली. तिच्या सुरात तिला हाक दिली तरी ती हलेना. प्रयोगशाळेने बसून विचार केला व तिला मृत ठरवले. आठ तारखेस चिहारुने स्वतः तिला टोफूत खोचले, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि परत येऊन प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहावयास घेतले. प्रकरणाचे नाव होते 'परिणाम का आढळला नाही'. ते लिहिण्यासाठी जुनी मापने पुन्हा उघडली, तेव्हा असे दिसून आले की थंड केल्यावर सदर काडीचा सूर उतरला होता. आम्ही वरच्या सुरात हाका मारीत बसलो आणि ती महिनाभर खालच्या सुरात ओ देत होती. चुंबकाची दिशा उलटली की तिचा पीळही उलटत होता. हे आमच्या एकाही काडीने यापूर्वी केलेले नाही. चिहारुने मला दूरध्वनी केला तो शब्दशः असा: "सेन्सेई, जेवताय का? मग आधी जेवून घ्या. आपण जिवंत काडीचं श्राद्ध घातलंय."

५. परीक्षक मंडळ कागदावरच्या मापनाने समाधानी नाही. एकदा दिसलेले न दिसल्यातच जमा, तीच काडी आमच्यासमोर पुन्हा पिळून दाखवा, असे त्यांनी कळवले आहे, व शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मंडळ मार्चच्या मध्यास बसते. चिहारुची मुदत या मार्चनंतर वाढत नाही. तिने घड्याळाच्या कारखान्यातील कायमची नोकरी सोडून हा अभ्यास धरला. नवी काडी करावयास एक हंगाम जातो, आणि नवी काडी ओ देईलच याची हमी मी देऊ शकत नाही. थोडक्यात, तिची सगळी वर्षे आपल्या विभागाच्या हद्दीतील एका टोफूत आहेत. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते. अर्जात असे लिहिण्याची पद्धत नाही याची कल्पना आहे.

६. दि. १० च्या अर्जात मी सदर काडी त्वरित काढून देण्याची विनंती केली. तातडीचे कारण असे की काडीवर काचेचे झाकण आहे, त्याला बाजूस बारीक भोक आहे, आणि त्यातून टोफूचे पाणी आत शिरलेले असणार. पाण्यात काडी सुखरूप असते. धोका वाळण्यात आहे. पाणी आटता आटता काडीला खाली ओढते आणि तळाला कायमची चिकटवते, जशी ओली केसांची बट कपाळाला चिकटते. फरक इतकाच की बट सुटते. आपल्या पूर्वाधिकाऱ्यांनी अर्ज अत्यंत बारकाईने वाचला. समाधीस अर्पण केलेली वस्तू नियमाप्रमाणे गतप्राण समजली जाते, सबब ती परत हवी असल्यास तिचा हयातीचा दाखला सादर करावा, असे त्यांनी कळवले. हयात तपासण्यासाठी काडी बाहेर काढावी लागेल, आणि बाहेर काढण्यासाठी दाखला लागेल, ही बाब मी खिडकीवरील कुमागाई-सान यांच्या निदर्शनास आणली. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. माझ्या आजोबांच्या पेन्शनच्या वेळी पण असंच झालं होतं. ते तर समोर उभे होते." पुढे काय झाले असे मी विचारले. "तसेच उभे राहिले," ते म्हणाले.

दि. १३ च्या अर्जात मी केवळ टोफूवर रोज थोडे पाणी शिंपडण्याची परवानगी मागितली. पाणी शिंपडणे हे नवीन अर्पण ठरेल आणि त्याचा दिवस आता पुढील आठ फेब्रुवारी, असा अभिप्राय आला. त्या दिवशी मी आपल्या कार्यालयाविषयी घरी जे बोललो ते येथे नमूद करत नाही. ते मी मागे घेत आहे, कारण त्याच रात्री कडाक्याची थंडी पडली.

७. टोफू गोठला. प्रथम मी हबकलो, नंतर भानावर आलो. आपल्या खोऱ्यात हिवाळ्यात टोफूच्या वड्या पेंढ्याच्या दोरीला बांधून वळचणीला टांगतात. रात्री त्या गोठतात, आणि कोरड्या वाऱ्यात त्यातले बर्फ पाणी न होता हळूहळू उडून जाते. मागे हलकी, सच्छिद्र, तशीच्या तशी वडी राहते. ती आक्रसत नाही याचे कारण पाण्याला तिला ओढण्याची संधीच मिळत नाही. आमच्या क्षेत्रात नाजूक काड्या सुकवण्याची ही एक मान्य रीत आहे, आणि तिच्यासाठी निराळी यंत्रे विकत मिळतात. येथे ते काम मंदिराच्या आवारातील सावली, डोंगरावरून येणारा वारा आणि आपल्या पूर्वाधिकाऱ्यांचा स्वभाव, या तिन्हींनी मिळून चालवले होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हे असेच चालले तर सदर काडी कोरडी आणि मोकळी बाहेर येईल. विलंब हेच औषध आहे, हे मला उशिरा कळले. त्यानंतर मी आपल्या कार्यालयास एकही स्मरणपत्र पाठवलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

८. आणि आता आपले पत्र. हयातीच्या दाखल्याची अट आपण शिथिल केली. सोमवारी सकाळी टोफूची पेटी मंदिराच्या आवारातीलच सभागृहात आणून ती स्टोव्हजवळ ठेवावी, टोफू मऊ झाला की आपण स्वतः चिमट्याने सदर काडी काढून मला सुपूर्द करावी, आणि छायाचित्र घ्यावे, असा कार्यक्रम आपण आखला आहे. महोदय, स्टोव्हजवळ बर्फाचे पाणी होईल, आणि पाणी आटताना काय करते ते मी कलम सहामध्ये लिहिले आहे. ज्या क्षणी आपण माझा हात हातात घेऊन छायाचित्रकाराकडे पाहाल, त्या क्षणी आत काडी तळाला चिकटत असेल.

स्टोव्ह वगळावा अशी विनंती मी दूरध्वनीवरून केली. कुमागाई-सान यांचे उत्तर: "इतक्या गारठ्यातून आणायचं आणि स्टोव्हजवळ ठेवायचंही नाही? सेन्सेई, माणुसकी आहे की नाही काही?" मग गोठलेली पेटीच बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे न्यावी, असे सुचवले. त्या पेटीत अर्ध्या गावाच्या सुया आहेत, ती विषुवदिनी समाधीत पुरेपर्यंत आवाराबाहेर जाऊ शकत नाही, असे त्यांनी सांगितले. मग गोठलेल्या टोफूतूनच काडी काढावी, असे म्हटले. ते ताए-सान यांना मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे मलाही खोडता आले नाही. "जन्मभर कठीणात राबलेल्या सुईला मऊत निजवायचं, आणि मग बर्फ फोडून ओढून काढायचं? आपल्या सुनेला असं कोणी झोपेतून उठवतं का?" वाळलेला टोफू चालेल का, असे मी विचारले. तो बोटांनी कुस्करता येतो, म्हणजे मऊच, असा त्यांनी निर्वाळा दिला. म्हणजे रिवाज, शास्त्र आणि हवामान यांचे एकमत झाले आहे. आड येते आहे ती फक्त आपली तत्परता.

९. दिलेली मंजुरी पुढील आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी अमलात आणावीच लागते, ती केवळ मूळ अर्जात त्रुटी आढळल्यास थांबते, असे कुमागाई-सान यांनी नियम पाहून सांगितले. त्रुटी शोधण्यात आपला बहुमोल वेळ जाऊ नये म्हणून त्या मीच येथे दाखवून देतो. दि. १० च्या अर्जावरील माझा शिक्का किंचित तिरका आहे. इतका तिरकेपणा आपल्या पूर्वाधिकाऱ्यांनी कधीही खपवून घेतला नसता. अर्जात काडीचे वजन दिलेले नाही. ते देता येण्याजोगे नाही, पण रकाना होता आणि तो कोरा आहे. वस्तूचा रंग या रकान्यात मी 'सांगता येत नाही' असे लिहिले आहे, जे उद्धटपणाचे वाटू शकते. यांपैकी कोणतीही एक त्रुटी पुरेशी असावी. तिन्ही घेतल्या तर मी दुरुस्तीस मार्चचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत वेळ लावीन, असे वचन देतो. एरवी मी वक्तशीर माणूस आहे.

आपल्या कार्यक्षमतेवर हा आक्षेप नाही. नवीन अधिकारी आला की जुनी प्रकरणे निकाली निघावीत, ही नगराची इच्छा रास्तच आहे, आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या बाबतीत ती माझीही आहे. या एका प्रकरणापुरते आपण आपल्या विभागाच्या जुन्या चालीने चालावे, एवढेच मागणे आहे.

१०. शेवटची बाब आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीतून उद्भवते. सोमवारच्या कार्यक्रमापर्यंत आवार मोकळे ठेवावे आणि पेटीजवळ कोणासही थांबू देऊ नये, असा आपला आदेश आहे. पेटीजवळ सध्या एकच व्यक्ती थांबते, ती म्हणजे ओइकावा चिहारु. सकाळी उशिरा देवदाराच्या दोन झाडांमधून ऊन थेट पेटीवर येते आणि दुपारपर्यंत राहते. तेवढ्या वेळात वरचा थर पाझरू शकतो. म्हणून टोफू गोठला त्या दिवसापासून ती रोज तेथे जाते आणि छत्री धरून उभी राहते. छत्री स्वतःवर धरत नाही, पेटीवर धरते.

पहिले काही दिवस मंडळाच्या बायकांचा समज झाला की पोरगी काडीचे सुतक पाळते आहे. त्यांनी तिला गरम चहा आणून दिला. तिने तो घेतला, पण वाफ लागू नये म्हणून पेटीपासून लांब जाऊन प्यायली, आणि तेवढा वेळ छत्री एकीच्या हातात दिली. त्यावरून त्यांना खरी गोष्ट कळली. तेव्हापासून त्यांच्यापैकी कोणी ना कोणी चहाच्या वेळी छत्री धरते. काल ताए-सान स्वतः आल्या. त्यांनी चिहारुला विचारले, "एवढं करून ती परत ओ देईल का गं?" चिहारु म्हणाली, "माहीत नाही. मागच्या वेळी ती देत होती आणि मलाच ऐकू आलं नाही." हे मी तेथे उभा राहून ऐकले. 

आज सकाळी आवाराच्या रखवालदाराने आपला आदेश दाखवून उद्यापासून येऊ नकोस असे तिला सांगितले. त्याचा दोष नाही. तो आपणहून छत्री धरणार नाही, कारण त्याच्या कामाच्या यादीत छत्री नाही.

सबब विनंती अशी. सोमवारचा कार्यक्रम, स्टोव्ह, चिमटा, छायाचित्र, माझा शिक्का, या सर्वांचा आपण सावकाश विचार करावा. फाइल खालीवर जाऊ द्यावी. अभिप्राय मागवावेत, आणि ते आले की पुन्हा मागवावेत. परंतु ओइकावा चिहारु हिला छत्रीसह पेटीजवळ उभे राहू देण्याची परवानगी आज, कार्यालय बंद होण्यापूर्वी द्यावी. मी आपल्या खिडकीपुढेच उभा आहे. उद्या आकाश निरभ्र आहे.

आपला नम्र, आणि सध्या आपल्या विलंबावर सर्वस्वी विसंबून असलेला,

ओनोदेरा सेइइची
(शिक्का, तिरका)

आसानुमा
शुक्रवार, दि. २१ फेब्रुवारी

सोबत:
१. सदर काडीच्या थरथरीचा आलेख, चुंबक सुलटा व उलटा.
२. शिवणकाम मंडळाचे पत्र, ताए-सान यांच्या हस्ताक्षरात, एका ओळीचे: "छत्री मंडळाची आहे, पोरगीही मंडळाचीच धरावी."